अर्धा थेंब

वच्छलाच्या हाताला एक खोड होती. समोर कोणी जाड दिसलं की तिचा हात आपोआप कमी वाढायचा. घरात चालतं हो असलं, पण बाई नोकरीला होती भिलाईच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, आणि तिथे तिला वाढायचं होतं जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमींना! रोज सकाळी शेजारच्या चरोदा गावाहून यायचं आणि प्रत्येक बशीत जिवाणूंच्या पाण्याचा एकेक थेंब टाकायचा, हे तिचं काम. तेच त्या किड्यांचं जेवण.

बशा दोन तऱ्हेच्या होत्या. निळ्या ठिपक्याच्या बशीत साधे, लांबसडक किडे. लाल ठिपक्याच्या बशीत बुटके आणि चरबीनं भरलेले. त्यांच्यातली एक जीन बिघडलेली होती, आणि प्राची मॅडमची पीएच.डी. त्याच जीनवर चालली होती.

आता वच्छलाची मोनाही बारा वर्षांची, बुटकी आणि गोलमटोल. शेजारणी म्हणायच्या, पोरगी चोरून खाते. वच्छलाला ते पटलं. तिनं खाऊच्या डब्याच्या कपाटाला कुलूप घातलं, पोरीला एक पोळी आणि अर्धी वाटी भात ठरवून दिला. मोना कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ते तेव्हा कोणाला सुचतं!

एके दिवशी प्राचीनं किड्यांचे व्हिडिओ स्क्रीनवर अगदी हळू करून लावले. वच्छलाची नजर पक्की म्हणून तिच्या हाती मोजायचं बटण दिलं. किड्याचा घसा उघडला-मिटला की एक गिळणं, बटण दाबायचं. वच्छलानं आधी साधा मोजला, मग जाडा. मग जाडा पुन्हा मोजला, आणि तिसऱ्यांदाही.

"मॅडम, हा जाडा तर कमी गिळून राह्यला. माह्यं कुठं चुकलं का?"

"नाही मावशी, बरोबर आहे. खाल्लेल्यातलं किती अंगाच्या वाढीला लावायचं आन किती चरबीत ठेवायचं, हे ती जीन पाहते. ती बिघडली की कमी खाऊनही चरबी साठते आन अंग वाढत नाही." प्राचीनं वही उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण लाल बशीतले तीन आठवड्यांपासून फारच लहान राहून राहिले. इतके लहान नाही राहायला पाहिजे. काही समजूनच नाही राहिलं."

वच्छला गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? पण बाई खोटं पचवणाऱ्यातली नव्हती.

"मॅडम, मी त्याइले अर्धाच थेंब टाकून राहिली."

"कावून?"

"जाडे होते म्हणून."

प्राची उठून उभी राहिली. तीन आठवडे पाण्यात गेले होते. "कोणी सांगितलं होतं तुमाले असं?"

"कोणीच नाही. घरी पोरीले असंच देतो मी."

प्राचीचा राग तोंडातच राहिला. "मोनाची उंची वाढून राहिली का?"

"दोन वर्सं झाले, तोच युनिफॉर्म घालते. फक्त कमरेत उसवून द्या लागते."

"मावशी, किडा तो किडा आन माणूस तो माणूस. याच्यावरून तिचं काही ठरत नाही. पण उंची थांबली आन वजन वाढून राहिलं, तर आधी डॉक्टरले दाखवा. उद्याच जा."

मोनाचं रक्त तपासलं. थायरॉइड मंद निघालं, रोज सकाळी एक बारीकशी गोळी लिहून दिली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून उंची वाढेल. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती हो आपण, पोरीच्या जेवणाला! वच्छला दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती घरी तळलेल्या ठेठरी-खुरमीच्या फराळाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेली आणि वाकून प्राचीच्या पायाला हात लावायला लागली. प्राची मागे सरली. "मावशी, काय करता हे, मी लहान आहे तुमच्याहून." तीन आठवड्यांचं काम तिनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं होतं आणि आपल्या गाईड सरांजवळ वच्छलाचं नावही काढलं नव्हतं. वच्छलानं लाल बशा पुढे ओढल्या आणि पुरा थेंब टाकला. त्या किड्यांचेही तिनं मनातल्या मनात आभार मानले. हसा खुशाल, पण तिला ते मनापासून वाटलं.

संध्याकाळी तिनं कपाटाचं कुलूप काढून टाकलं. मोनाच्या ताटात दुसरी पोळी वाढली आणि तिथेच खाली बसली.

"तुई माय चुकली, मोना. तू चोरून खात नव्हती. तो आजार होता."

"खरंच नव्हती खात?" मोनानं विचारलं. "मले वाटे, मी झोपीत उठून खात असन आन मले आठवत नसन."