कूलरच्या पोटातला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, पोपटी रंगाचा, एका अंगाने पोचे आलेला. तुम्ही म्हणाल, कूलरला कसलं आलंय आत्मवृत्त? उन्हाळा लागला की घुर्र करायचं आणि आभाळ आलं की गप्प बसायचं! पण जरा थांबा. जालना जिल्ह्यात कूलर पुष्कळ आहेत, पोटात समुद्र घेऊन बसलेला मात्र मी एकटाच. फुशारकी वाटली तर वाटू द्या. खरं सांगायला मी कशाला लाजू?

माझा जन्म एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात जालन्याला झाला. भुजंग मिस्त्रींनी पत्रा कापला, ठोकून चौकोनी पेटी केली, तीन बाजूंना जाळ्या लावून त्यांत गवताच्या ताट्या भरल्या आणि समोरच्या गोल भोकात पंखा बसवला. तळातलं पाणी मोटार वर चढवायची, ते ताट्यांवरून ठिबकायचं, आणि पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढून खोलीत सोडायचा. राजूरच्या काकासाहेबांनी मला पाहिलं, समोर उभं राहून सदऱ्याची गुंडी सोडली आणि म्हणाले, "बराबर! हाच पाह्यजे."

आमच्या गल्लीतला पहिला कूलर मी. दुपारी ओसरीवर माणसांची ही गर्दी व्हायची! कुणी बियाण्याची चौकशी करायला यायचं, कुणी सोयरिकीचं बोलायला, पण बसायचे सगळे माझ्यासमोर. काकासाहेबांच्या पत्नी तुळजाबाई मला दर पाडव्याला कुंकू लावायच्या. असे माझे दिवस होते.

पुढे घरात प्लॅस्टिकचा नवा कूलर आला. दिसायला गोरागोमटा आणि आवाजही कमी. माझी रवानगी गोठ्यात झाली. ताट्यांचं गवत गळालं, तळाला गंज चढला आणि एका पावसाळ्यात तर माझ्या पोटात मांजर व्यायली. ज्याच्यासमोर पाहुणे बसायचे, त्याच्यात पिल्लं लोळू लागली. वाईट वाटायचं हो! पण कूलरला विचारतो कोण?

मला विचारलं ते शरयूने. काकासाहेबांची ही नात. दिवाळीच्या सुटीत ती अलिबागला मुकुंदमामांकडे गेली होती. मामा तिथे एका कचेरीत नोकरीला. धक्क्यावर उभी असताना तिला पाण्यात जेलीफिश दिसले. हाड नाही, डोकं नाही, नुसती पारदर्शक छत्री, आणि तरी आपली उघडमीट करत पोहतेय. पोरगी राजूरला आली ती तेच डोक्यात घेऊन. बारावीनंतर समुद्रातल्या जिवांचं शिकायचं म्हणाली. त्याचं कॉलेज कोकणात होतं.

तिचे आईवडील काकासाहेबांच्या शब्दाबाहेर नव्हते. आणि काकासाहेबांना ते बिलकुल पटलं नाही.

"राजुरात गणपती हाय, कापूस हाय, मका हाय," ते म्हणाले. "समुद्र कुठंय? शिकून काय करशीन?"

"आबा, जे हितं न्हाई तेच शिकायला भाईर जावं लागतं ना?"

काकासाहेबांना उलट बोललेलं खपत नसे, पण पोरीचं कौतुकही होतं. मिशीत हसून ते म्हणाले, "असं? मंग ऐक. तुझं ते समुद्राचं जित्राब ह्या घरात आणून दाखव. धुळवडीपास्नं आखितीपस्तोर जगलं, तर म्या सोता तुला कोकणात पोचवतो. मेलं, तर पुन्यांदा समुद्राचं नाव काढायचं न्हाई. मंजूर?"

"मंजूर!"

बघा, किती हुशार माणूस! धुळवडीपासून अक्षयतृतीयेपर्यंत म्हणजे आमच्याकडचं ऐन ऊन. माणसं सुकून जातात, तिथे थंड पाण्यातल्या जिवाचा काय निभाव लागणार? बर्फ घालून घालून किती घालणार? शरयू दोन दिवस विचार करत गोठ्यात बसली. आणि एकदम माझ्याकडे बघून उठली. "अगं बाई! थंडावा तर हितंच पडलाय की!"

मित्रांनो, त्या वाक्याने माझा गंज झडला.

तिने मला गोठ्यातून ओसरीवर आणलं, घासलं, नवं गवत भरलं. पंखा समोरून काढून वर छताला बसवला. समोरच्या गोल भोकाआड एक गोल टाकी यायची होती. गोलच का? तर जेलीफिश कोपऱ्यात अडकला की फाटतो. मग तिने पाट्या रंगवणाऱ्याकडून जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणलं आणि शेगडीवर धरून ड्रमभोवती वाकवलं. पहिला तुकडा जळाला, घरभर घाण वास सुटला. दुसरा नीट बसला. त्याला मागेपुढे काचा चिकटवल्या आणि एक लहान मोटार अशी जोडली, की पाणी आत संथ गोल फिरत राहील. खारं पाणी टाकीत, साधं पाणी माझ्या ताट्यांवर. दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही.

धुळवडीला मुकुंदमामा एस.टी.ने आले. दुधाच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, थर्मोकोलच्या पेटीत पिशव्या आणि पिशव्यांत चार जेलीफिश. शरयूने ते अलगद सोडले. आधी खाली बसले, मग एकाने छत्री मिटली, उघडली, आणि चौघेही फिरू लागले. माझ्या पोटात! सारी गल्ली लोटली होती. मी छाती फुगवून घुर्र करत होतो.

पण पहिला घाव घातला तो मायेनेच. आमच्याकडे घरात नवं काही आलं की त्याची पूजा होते, मग ती विहीर असो की मोटारसायकल. तुळजाबाईंनी भक्तिभावाने चिमूटभर हळदकुंकू घेतलं आणि थेट टाकीत सोडलं. पाणी पिवळं झालं. शरयूने धावत येऊन पाणी बदललं, तरी एक छत्री आक्रसली ती उघडलीच नाही. उरले तीन, आणि पैज आता त्यांच्यावर आली.

तुळजाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. "म्या मारलं गं बाई लेकराला!"

"आज्जी, रडू नको. पूजा कर, पण कूलरची कर."

त्या दिवसापासून कुंकू पुन्हा माझ्या कपाळी आलं. त्यांच्या दुःखात मला आनंद झाला, हे बरोबर नाही, पण झाला खरा.

पुढे शरयूची रोजची धावपळ सुरू झाली. ऊन पाणी पिऊन टाकायचं आणि उरलेलं जास्त खारट व्हायचं. खार मोजायला तिने डेअरीतून दूध मोजायची काचेची नळी आणली.

"पाण्यात दूध किती, ते पाह्यती का?" काकासाहेबांनी चिडवलं.

"समुद्रात पाणी किती, ते पाह्यते!" ती म्हणाली, आणि नळी खुणेपर्यंत बुडेल इतकं गोडं पाणी घातलं. खाऊ म्हणून बाजारातला सुका जवळा वाटून, फडक्याने गाळून द्यायची. माळकरी घर ते! पाटा गोठ्यात गेला आणि तुळजाबाई नाकाला पदर लावून लांबून विचारायच्या, "खाल्लं का गं छत्र्यांनी?" वीज थोडा वेळ गेली, तर शरयू लाकडी पळीने पाणी संथ ढवळत बसायची. काकासाहेब बाजेवरून हे सगळं बघायचे.

अक्षयतृतीया जवळ आली. धावड्याला जवळच्या नात्यातलं लग्न निघालं. शरयूचा पाय निघेना, पण करवली म्हणून तिला जावंच लागलं. गुडघे धरल्यामुळे काकासाहेब तेवढे घरी राहिले. जाताना ती त्यांना काही सांगेना. पैज ज्याच्याशी, त्याला काय सांगणार? तिने माझ्या पत्र्यावर हात ठेवला फक्त.

ऐन दुपारी वीज गेली.

माझा पंखा थांबला. ताट्या वाळू लागल्या. पाणी फिरेना, आणि तिघेही तळाशी बसले. मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, मला हात नाहीत. इतका लाचार मी गोठ्यातही नव्हतो. समोर बाजेवर काकासाहेब पडले होते. त्यांना काहीच करायचं नव्हतं. कूस बदलून झोपले असते, तर संध्याकाळी पैज जिंकलेले असते आणि नात कायमची घरी राहिली असती.

त्यांनी कूस बदललीही. मग परत वळले. काचेतून बराच वेळ बघत राहिले. एक छत्री अर्धी मिटून पडली होती.

"मायला!" ते पुटपुटले आणि गुडघ्यावर हात देत उठले.

रांजणातलं पाणी तांब्या-तांब्याने त्यांनी माझ्या ताट्यांवर ओतलं. सूप घेऊन वारा घातला. मग पळी घेतली आणि शरयू ढवळायची तशीच, एकाच अंगाने, संथ. हात भरून आला की दुसरा हात. "ऊठ बाबा," ते म्हणत होते, "ऊठ. ती यील आत्ता." ऊन कलेपर्यंत तो म्हातारा उभा होता. आणि एक एक करत तिघेही वर आले.

शरयू धावतच आत शिरली. वीज अजून आली नव्हती. ताट्या ओल्याचिंब, धोतर भिजलेलं, आणि काकासाहेबांच्या मनगटावर मिठाची पांढरी रेघ.

तिच्या मागोमाग तुळजाबाई आल्या. "आवो, पैज तुमची, अन् सोताला हरवलं बी तुम्हीच?"

"पैज माझी अन् शरूची व्हती," काकासाहेब म्हणाले. "त्या जित्राबाचा काय गुन्हा? आपल्या दारात आल्तं ते."

शरयू त्यांच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो असतो, पण ताट्यांतून टपटपत होतंच, कुणाला कळलं नसतं.

अक्षयतृतीया झाली आणि काकासाहेबांनी शब्द पाळला. तिन्ही जेलीफिश परत समुद्रात सोडायला आणि कॉलेज बघायला ते नातीबरोबर स्वतः गेले. एस.टी.त सारी वाट त्यांनी तो कॅन मांडीवर धरला होता, म्हणे.

शरयू आता कोकणातच नोकरी करते. मी ओसरीवर आहे, माझ्या जुन्या जागी. दर चतुर्थीला गणपतीला आलेले पाहुणे मला बघायला येतात. म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा तिच्या आत वाकून बघा, तिला पुसा, तिच्यात अजून काय मावेल याचा विचार करा. आणि घरातल्या कुणाच्या डोक्यात समुद्र असेल, तर त्याला हसू नका.

त्या वेळी कोकणातून परतल्यावर काकासाहेब माझ्यासमोर बाजेवर येऊन बसले. तुळजाबाईंनी विचारलं, "केवढा व्हता हो समुद्र?"

"लई मोठा," ते म्हणाले. "पर आपल्या कूलरातल्यावानी गार न्हाई."