पावणेचारशे वर्षांचे रविवार

मी संगणकावरचा एक खेळ आहे. मला खेळ म्हणावे की कचेरी, याबद्दल माझ्या निर्मात्यांतही एकमत नाही. मला उघडले की युरोपचा नकाशा दिसतो, साल १४५०. एक राज्य निवडायचे आणि १८२५ पर्यंत ते जगवायचे. म्हणजे कर बसवायचे, राजकन्या परराज्यांत द्यायच्या, बिशपची मर्जी सांभाळायची आणि मधूनमधून लढायचे. प्रत्येक तक्त्यामागे दुसरा तक्ता आणि त्यामागे तिसरा. तीस वर्षे सरकारी नोकरी केलेला माणूस मला पाहून सुखावतो; बाकीचे पहिल्या तासातच उठून जातात.

मी जन्मलो तेव्हा अर्धाच होतो. उरलेला अर्धा नंतर तुकड्यातुकड्याने विकला गेला. दर सुधारणेत माझी एक खोड जाते आणि दोन नव्या येतात. एकदा तर पोपने स्वतःविरुद्धच धर्मयुद्ध पुकारले आणि ते तीन आठवडे चालले. तरी मी एकदा कळलो की सुटत नाही. माझ्यात हरलेला माणूस चिडून उठत नाही. आपले नेमके कुठे चुकले ते शोधत तो चाळीस वर्षे मागे जातो.

हंगेरीतल्या सेगेद शहरात गेलेर्त नावाच्या माणसाने मला घेतले. तो जलखात्यात होता आणि तिसा नदीच्या बांधांचे नकाशे काढायचा. पुढे पाय अधू झाले. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत तो खाली उतरलेला नव्हता. त्याच्याकडे येणारी माणसे दोनच: बस चालवणारा बार्ना आणि चष्म्याचे दुकान असलेला ओटो. दर रविवारी जेवणानंतर दोघे आपापला संगणक काखेत मारून जिने चढायचे. बार्नाच्या बायकोने दिलेल्या पोगाचा, म्हणजे लहान गोल खारे पाव, टेबलावर यायच्या आणि मी तिन्ही पडद्यांवर सुरू व्हायचो.

बार्नाने तुर्क घेतले, ओटोने ऑस्ट्रिया. गेलेर्तने दोघांच्या मधले एर्देय घेतले, ज्याला बाकीचे जग ट्रान्सिल्व्हेनिया म्हणते. त्याला तिथली प्रत्येक खिंड पाठ होती. पहिल्याच दिवशी आलुबुखाराच्या कडक दारूचे, पालिंकेचे, तीन पेले रिचवून तिघांनी एक नियम केला: तिघांची राज्ये जिवंत आहेत तोवर डाव मोडायचा नाही. पालिंका पिऊन केलेला नियम हंगेरीत कायद्याहून जड असतो.

दीड वर्ष गेले. डाव १६४० पर्यंत आला. गेलेर्त प्रत्येक निर्णयाआधी मला थांबवायचा. एका राजकन्येच्या लग्नासाठी वीस मिनिटे. बार्ना खिडकीबाहेर बघायचा, ओटो घड्याळाकडे. खोलीत मलमाचा वास असायचा. गेलेर्त आठवडाभराचे बोलणे साठवून ठेवायचा आणि ते रविवारी संपवायचा.

माझ्यात एका खेळाडूला दुसऱ्याला गुप्त खलिता पाठवता येतो. खलिता एकाला पाठवायचा की सर्वांना, हे एका बारीक खुणेवर ठरते. ती खूण मुळात चुकीच्या जागी आहे, हे मी मान्य करतो. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ओटोची खूण चुकली. शेजारी बसलेल्या बार्नासाठी लिहिलेला खलिता तिन्ही पडद्यांवर उमटला: "पुढच्या वर्षी दोन्हीकडून घुसू. एर्देय संपलं की रविवार मोकळे."

आपण काय केले हे ओटोला कळलेच नाही. बार्ना त्या वेळी पोगाचा खात होता. गेलेर्तने मात्र खलिता दोनदा वाचला आणि ताटली पुढे सरकवली.

"घे ना ओटो, गरम आहेत अजून."

त्या दिवसापासून गेलेर्त एर्देयसाठी लढला नाही. तो रविवारसाठी लढला. ज्या नियमांवरून लोक मला शिव्या देतात, ते सगळे त्याच्या उपयोगाला आले. माझ्यात एका तहात अख्खे राज्य गिळता येत नाही. लचका तोडायचा आणि पंधरा वर्षे शांत बसायचे. ती शांतता मोडली तर आपल्याच मुलखात बंडे होतात. पंधरा वर्षे म्हणजे सहा रविवार. गेलेर्त लढाई लगेच हरायचा, तहाला मात्र महिनोन्महिने बसायचा. आधी डोंगराळ, नापीक भाग द्यायचा. जाताना किल्ले पाडून जायचा आणि प्रजेला चिथवून ठेवायचा. बार्नाचे अर्धे सैन्य खिंडीत थंडीने मेले. ओटोने जिंकलेल्या गावांत तीनदा बंडे झाली.

मार्चमध्ये त्याच्याकडे फोगराशचा किल्ला तेवढा उरला.

"कशाला ताणतोस, गेलेर्त?" ओटो म्हणाला. "एका किल्ल्यावर काय राज्य करणार तू?"

"मला घाई नाही. तुला कुठे जायचंय का?"

"नाही रे. मी कुठे जातोय."

"मग बस की."

बार्ना मान खाली घालून हसला. पण शेवटचा तह पुढच्याच रविवारी संपणार होता आणि फोगराशच्या तिन्ही बाजूंना बार्नाच्याच तोफा होत्या. गेलेर्तने त्या आठवड्यात माझे सगळे तक्ते पालथे घातले आणि सतराव्या पानावर एक कलम काढले: लहान राज्य आपण होऊन मोठ्यात विलीन होऊ शकते.

रविवारी दोघे आले. बार्नाने बाह्या वर केल्या. गेलेर्तने एकच कळ दाबली आणि फोगराश ओटोच्या रंगात रंगला.

"पाच महिने घाम तू गाळलास, बार्ना," गेलेर्त म्हणाला. "पण किल्ला ओटोला. तुझं-त्याचं आधीच ठरलं असेल ना काहीतरी?"

बार्नाने ओटोकडे पाहिले. ओटो म्हणाला की त्याला यातले काही माहीत नव्हते. बार्ना म्हणाला, तर मग परत कर. ओटो म्हणाला, मिळालेला किल्ला कोण परत करतं? दोघे संगणक गुंडाळून निघाले ते भांडतच. गेलेर्त भिंत धरत दारापर्यंत गेला आणि तिन्ही जिन्यांवरून खाली जाणारे ते भांडण शेवटच्या शब्दापर्यंत त्याने ऐकले. मग बसून उरलेल्या पोगाचा खाल्ल्या. दोघांतला एक तरी दुसऱ्याची तक्रार घेऊन परत येईल, असा त्याचा हिशेब होता.

माणसांबाबत त्याचे तक्ते कच्चे होते. डाव नियमाप्रमाणे मोडला होता, पण पुढच्याच रविवारी बार्ना ओटोच्या घरी गेला, फोगराश हिसकावायला. तसे युद्ध माझ्यात क्वचित होते. दोघे तावातावाने खेळले, हसले, एकमेकांची आयमाय काढली. ते मला कंटाळले नव्हते, हे त्यांना तेव्हा कळले. कशाला कंटाळले होते, हे कोणी बोलून दाखवले नाही. ओटोच्या घराला लिफ्ट आहे.

मला उघडले की कोपऱ्यात मित्रांची नावे दिसतात. कोण या घडीला खेळतो आहे, त्याच्या नावापुढे हिरवा दिवा. मे महिन्यातल्या एका रविवारी, तीनच्या सुमारास, गेलेर्तला दोन हिरवे दिवे दिसले. मग त्याने दोघांनाही लिहिले: "कोण जिंकतंय? मी नुसता बघायला बसलो तर चालेल?"

ओटोच्या घरी तो निरोप दोघांनी वाचला.

"आता?" बार्ना म्हणाला.

"आपण दिसायलाच नको," ओटो म्हणाला. "तशी सोय आहे यात."

ती सोय मीच दिलेली आहे. एक कळ दाबली की माणूस खेळत असला तरी नावापुढचा दिवा विझतो. दोन्ही दिवे एकदमच विझले.

गेलेर्तने वाट पाहिली. उत्तर आले नाही. थोड्या वेळाने तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला, "डाव सोडला वाटतं. जुंपली असणार दोघांची." त्याच्या आवाजात समाधान होते. त्याने दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि दाराची कडी काढून ठेवली.

माझ्यात दुष्काळाची सूचना आहे, बंडाची आहे, मेलेल्या राजाचीही आहे. या गोष्टीची नाही. तुमच्यापैकी कोणी सेगेदला गेलात, तर तिसऱ्या मजल्यावर एखाद्या रविवारी जाऊन बसा. दार उघडेच असते. मला आता रजा द्या. ओटोच्या घरी तहाची बोलणी चालू आहेत आणि तिथे माझी गरज आहे.