प्रत्येक पानावर पंधरा कमी

बारा मिनिटं.

साचेवाल्यांनी प्रेसची घंटी बारावर लावली, हात पुसले आणि स्टूल वहिनींकडे सरकवलं. "बसा. आता आपल्या हातात काही नाही."

वहिनींच्या हातात होतं. तरी त्या बसल्या.

आत, दोन तापलेल्या लोखंडी पाटांमध्ये, इस्पितळातल्या श्वासयंत्राचं रबरी वायसर शिजत होतं. रबर वहिनींच्या कारखान्याचं, साचा साचेवाल्यांचा. एकट्यादुकट्याला ही ऑर्डर झेपणारी नव्हती. तीन वाजता तपासनीस नमुना बघायला येणार होता, आणि रबराचं मिश्रण उरलं होतं ते सगळं आत होतं.

काट्यावर एकशे चाळीस अंश. वहीत लिहिलेले.

हवे होते एकशे पंचावन्न.

नऊ.

वही सासऱ्यांची, रबराच्या कृतींची. एकत्र काम करायचं तर काही लपवायचं नाही असं ठरलं, तेव्हा साचेवाल्यांनी नकाशांचं कपाट सताड उघडून दिलं होतं. घरी वहिनींनी वहीचा विषय काढला तो आकांडतांडवाची तयारी ठेवूनच. सासरे म्हणाले, "दे की. खुशाल दे. वर पुठ्ठ्याचं कव्हर घालून दे."

का, ते वहिनींना ठाऊक होतं. त्या घरात वहीबरहुकूम कुणी कधी रबर शिजवलं नव्हतं. खरे आकडे डोक्यात, वही चोरासाठी. करारावर सही झाली की सांगू, असं वहिनींनी मनाशी ठरवलं होतं.

नमुना सहीच्या आधीच प्रेसमध्ये गेला.

सहा.

"सासरेबुवा कसे आहेत?"

"ठणठणीत."

"वही दिली म्हणजे कमालच. मला वाटलं होतं, काठी घेऊन येतील."

वहिनी हसल्या.

बाराव्या मिनिटाला साचा उघडला की कच्चं रबर चिकटून फाटणार. एवढ्या कमी उष्णतेवर चौतीस मिनिटं तरी हवीत. तेवढं एक सांगितलं की भागेल. बाकीची पानं झाकलेलीच राहतील.

तीन.

"भाऊ, अजून बावीस मिनिटं राहू द्या."

"वहीत बारा आहेत."

"वहीत तापमान चुकीचं आहे."

साचेवाले उठले. "चूक कुणाची?"

"चूक नाही. मुद्दाम."

"वा." त्यांचा हात प्रेस उघडायच्या दांड्यावर गेला. "मग आत्ताचं खरं कशावरून? रबर करपलं की साचा वाईट ठरवायचा आणि ऑर्डर दुसऱ्या साचेवाल्याकडे न्यायची. मी काय दुधखुळा आहे?"

एक.

पुरावा एकच होता. तो दिला की घरातलं सगळं गेलं.

"पान नऊ. पंपाचं वायसर," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लग्नाआधी तुम्ही तेच काढायला गेला होतात. तीन महिने साच्याला चिकटत होतं. सासरे अजून जेवताना आठवून हसतात. आमचं पान तुमच्याकडे कसं आलं ते मी विचारत नाही. किती अंशांवर शिजवत होतात?"

"एकशे पन्नास." पान न बघताच.

"आणि शेवटी जमलं ते?"

साचेवाल्यांनी प्रेसच्या काट्याकडे पाहिलं.

"कितीवर, भाऊ?"

"एकशे पासष्ट."

"पंधराचा फरक. प्रत्येक पानावर तोच आहे."

घंटी वाजली.

वाजतच राहिली. मग त्यांनी दांडा सोडला आणि घंटीचा काटा फिरवला.

पुन्हा बावीस.

"तीन महिने," ते स्वतःशीच म्हणाले. "बायको म्हणायची, साचाच वाईट." मग वहीची सुट्या पानांची झेरॉक्स प्रत आणि पेन वहिनींपुढे ठेवलं.

वहिनी खोडत, लिहीत गेल्या. पान एक. दोन. ते एकेक पान हातातून ओढून घेत होते. एकतिसाव्या पानाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे अक्षर सासऱ्यांचं नाही."

"माझं आहे. कृती माझी."

"यातही पंधरा?"

"यातही." वहिनींनी आकडा खोडला.

शून्य.

"तुम्ही उघडा," साचेवाले म्हणाले.

वायसर अख्खं सुटलं. वहिनींनी अंगठा दाबला. ठसा उमटला आणि हळूहळू भरून आला. साचेवाल्यांनीही दाबून पाहिलं, दोनदा.

"घरी काय सांगणार?"

"तेच कळत नाहीये," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं पान ओढलं.