नानांचे सहा गुण

इस्पितळात हल्ली रुग्णाला किती आराम वाटतो तेही मोजतात. तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. आरामासाठी सिस्टर कागद घेऊन येते आणि दहापैकी गुण मागते. गुण मागायचे, तेही आमच्या वडिलांकडे! नानांनी जन्मभर शाळेत पेपर तपासले आणि त्यात कुणाचंही भलं होऊ दिलं नाही.

ते रोज सहा देत.

"सर, आज तरी हात सैल सोडा," सिस्टर म्हणाली.

"सहा म्हणजे पहिला वर्ग आहे, बाई. ह्या आमच्या चिरंजीवांना निबंधात साडेपाचच्या वर कधी मिळाले नाहीत. विचारा."

मी मान डोलावली. घरचा पुरावा.

तिने मला व्हरांड्यात गाठलं. "दादा, शेवटच्या दिवसाचे गुण धरतात. वॉर्डाची सरासरी नऊच्या खाली गेली की मला तळघरात फायली लावायला पाठवणार. मला माणसं सांभाळायला येतात हो, फायली नाही. बाकीचे तिघे भरघोस देतात, पण सर..."

सर काय ते मला ठाऊक होतं. परीक्षेच्या हंगामात आमच्या घरी पलंगावर गठ्ठे, खुर्च्यांवर गठ्ठे, आणि माणसं उभी. आई चहा आणून विचारी, "आज कसा झालाय?" नाना घोट घेत आणि तांबड्या पेन्सिलीने हवेत साडेसात काढत. "एकदा नापासच करा," आई म्हणे, "म्हणजे उद्यापासून तुम्हीच कराल." मग दोघं हसत. आई गेल्यापासून नाना एकटेच राहतात, चहा स्वतःच करतात. कसा झालाय, हे कुणी विचारत नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी मी हळूच विषय काढला. "नाना, तिचं काम जाईल."

"वशिला लावतोस?" त्यांनी असं पाहिलं की मी पुन्हा सातवीत गेलो.

सिस्टरने शेवटचा कागद पुढे केला. नानांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "'घरी वाटतं तसं तुम्हाला इथे वाटलं का?' हा प्रश्न कुणी काढला?"

"वरून येतो, सर."

"चुकलाय. घरी आता आहे कोण? इथे सकाळी निदान तुम्ही विचारता, झोप लागली का म्हणून."

नाना पेन शोधत होते. मी माझं दिलं.

"प्रश्न चुकीचा असला की पूर्ण गुण द्यावे लागतात. नियम आहे. ह्यात माझी मेहेरबानी नाही." त्यांनी दहा लिहिले आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. त्यांच्या हातचे दहा मी प्रथमच पाहत होतो.

सिस्टरने नुसतं नानांचं पांघरूण सारखं केलं, खरं तर त्याची आता गरज नव्हती.

मी पिशवी उचलली. "चला नाना, घरी."

"एवढी घाई काय आहे?" म्हणत नाना पलंगावर नीट टेकून बसले.