पीकॉक सरांची पंचविसावी फेरी

स्केलगार्थ गावच्या हॉलबाहेर सकाळी आठ वाजता दीडशे माणसं पावसात उभी होती. त्यातली एकशे एकोणपन्नास पुण्य कमवायला आली होती. रोवीना मेटकाफ सूड उगवायला आली होती.

पुण्य तिच्याही मनात होतं, नाही असं नाही. दरवर्षी जूनमध्ये ही चोवीस मैलांची डोंगरफेरी निघते ती हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या दुखण्यातल्या माणसांना सांभाळणाऱ्या घरासाठी, आणि मागच्या पानगळीत तिचा बाप त्याच हॉस्पिसमध्ये वारला होता. लोकांनी तिच्या नावावर वर्गणी घातली होती, ती पोचवायचीच होती. पण खोटं कशाला बोला, रोवीनाने नाव नोंदवलं ते फेरी काढणाऱ्या क्लबाच्या पत्रकातली एक ओळ वाचून. 'शेपटी : डेस्मंड पीकॉक (पंचविसावी फेरी).'

शेपटी म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा माणूस. कुणी वाट चुकू नये, कुणी डोंगरावर एकटं पडू नये, म्हणून तो. त्याला नियम एकच, पण पक्का : शेवटच्या माणसाला ओलांडून पुढे जायचं नाही. शेवटचा थांबला की शेपटी थांबणार, शेवटचा रांगला की शेपटीही रांगणार. हा नियम, पत्रकातल्या बाकीच्या सगळ्या नियमांसारखाच, पीकॉक सरांनी स्वतःच क्लबाचे अध्यक्ष असताना लिहिला होता. रोवीनाने तो चार वेळा वाचला आणि मग फॉर्म भरला.

रोवीना सेहेचाळीस वर्षांची. बापासारखीच गडगे रचायची. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दिवसभर डोंगरावरच असायची. मनात आणलं असतं तर ही फेरी तिने सात तासांत हसतखेळत मारली असती. एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की तू ऑटिस्टिक आहेस. त्यावर रोवीना म्हणाली होती, "म्हणजे मी हट्टी नव्हते तर." आणि गाडीत बसून अर्धा तास रडली होती. रडू आलं होतं ते शाळेतल्या पीकॉक सरांमुळे.

गोष्ट अकराव्या वर्षाची. शाळेने अशीच एक मदतफेरी काढली होती, बारा मैलांची. फाटक आलं की त्याच्या दोन्ही खांबांना हात लावल्याशिवाय रोवीनाला पुढे जाता यायचं नाही. आजही येत नाही. त्यामुळे ती मागे पडायची, पण चालायची. दहा मैल चालली. दोन उरले असताना कॅम फाटकापाशी पीकॉक सरांनी तिच्या कोटाची कॉलर धरली. "गाडीत बस. सगळ्यांना घरी जायचंय." ती म्हणाली, मी दमले नाही, मी चालते. सरांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या शाळेसमोर तिला उभं केलं आणि म्हणाले, "अर्ध्यावर हात टेकणारी माणसं कशी दिसतात, ते नीट बघून घ्या." पोरं हसली. हसणारच, सरांनीच परवानगी दिली होती.

तेही तिने गिळलं असतं. गिळता आलं नाही ते बापाचं. बाप गावाजवळच्या पुलापाशी चहाचा थर्मास घेऊन तिची वाट बघत उभा होता, आणि लेक आली ती गाडीतून. "मी हरले नाही," ती घरी जाऊन म्हणाली. बाप म्हणाला, "जाऊ दे पोरी. सर कशाला खोटं बोलतील?" बाप प्रेमळच होता, त्यामुळे तर भांडताही आलं नाही. हॉस्पिसमधल्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्सला कौतुकाने सांगत होता, "आमच्या रोवीनाचा हात दगडावर असा बसतो म्हणून सांगू. चालणं मात्र तिचं काम नाही, लहानपणीच सोडलं तिने." रोवीना उशाशी बसून ऐकत होती. चार दिवसांनी बाप गेला, तोच समज घेऊन.

तर आता सर एकाहत्तरचे होते, ताठ होते, आणि पंचविसावी फेरी पुरी केली की त्यांना चांदीचा बिल्ला मिळणार होता. असा बिल्ला क्लबात आजवर कुणाच्या छातीवर लागला नव्हता. हॉलमध्ये टेबलावर तो मखमलीच्या डबीत मांडूनच ठेवला होता. शेपटीला दरवर्षी जोडीदार असतो, पण यंदा तो कंबर धरून घरी बसला होता.

"पहिल्यांदाच का, पोरी?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. दुसऱ्यांदा."

'सर' ऐकून त्यांना काही वाटलं नाही. अर्धं गाव त्यांना सरच म्हणायचं. तिने आपलं पूर्ण नावही सांगितलं, अगदी हळू आणि स्पष्ट. ते म्हणाले, "छान नाव आहे." बस्स. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. पस्तीस वर्षं ज्या माणसाला तिने डोक्यात वागवलं, त्याच्या डोक्यात ती पस्तीस मिनिटंही राहिली नव्हती. रोवीनाने कानांवर आवाज अडवणारी जाड कानझाकणं चढवली आणि निघाली.

पहिल्या मैलात तिने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. काठी टेकत चालणारे एक आजोबा होते, त्यांनाही. मग ती आपल्या चालीला लागली. वाटेत सहा चौक्या होत्या. प्रत्येक चौकी ठरलेल्या वेळेला बंद व्हायची, आणि त्याआधी पोचलं की गळ्यातल्या पुठ्ठ्याच्या कार्डाला चिमट्याने भोक पाडून मिळायचं. पहिली चौकी दहा वीसला बंद होणार होती. रोवीना दहा एकोणीसला पोचली.

"थोडक्यात वाचलीस," सर हसून म्हणाले.

दुसरी चौकी बारा दहाला बंद होणार होती. ती बारा नऊला पोचली. या खेपेला सर हसले नाहीत.

हळू चालणं हे फार वाईट काम आहे हो. भरभर चालणाऱ्याचं अंग गरम राहतं. हळू चालणाऱ्याच्या बुटात पाणी साचतं, पाठीत वारा शिरतो, आणि गुडघा प्रत्येक पावलाला आपलं दुःख सांगायला लागतो. रोवीनाला याची सवय होती, एकेका गडग्यापाशी ती आठ आठ तास पावसात उभी असायची. सरांना नव्हती. ती फाटकापाशी थांबायची, डाव्या खांबाला हात, उजव्या खांबाला हात, मग पुढे. सर मागे उभे. चौकीवर ती चहा घ्यायची, जॅमच्या सँडविचचे चार तुकडे करायची आणि एकेक तुकडा चावून चावून खायची. सर मागे उभे.

"बाई, जरा पाय उचलता का?" तिसऱ्या चौकीनंतर 'पोरी'ची 'बाई' झाली.

"मी वेळेत आहे, सर."

"आहात हो. पण एवढं घासून कशाला? हे खांब काय पळून जाणार आहेत?"

"नाही जाणार. म्हणून तर हात लावते."

तिला आत कुठेतरी फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती का? असेल. तिला नाही वाटली. माथ्यावर आडवा पाऊस लागला तेव्हा सरांच्या टोपीतून पाणी नाकावर ओघळत होतं, आणि ते तिने मान वळवून नीट बघून घेतलं.

चौथ्या चौकीनंतर दलदल लागली. सरांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि काढताना गुडघा मुरगळला. रोवीना थांबली. ती काही राक्षस नव्हती. तिने हात दिला, बाहेर ओढलं, आपल्या पिशवीतली पट्टी दिली. मग पुन्हा त्याच चालीने पुढे निघाली. मागून सरांचा श्वास ऐकू यावा म्हणून कानझाकणं तिने गळ्यात उतरवून ठेवली.

सहावी चौकी कॅम फाटकाची. बंद व्हायची वेळ सहा पाच. सहा चारला रोवीनाच्या कार्डाला सहावं भोक पडलं. चौकी आवरायला क्लबाची गाडी आली होती, आणि गाडीवर होती ग्वेन. ग्वेन रोज शाळेची बस हाकायची, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचंच चालत नसे. सर लंगडत आले आणि गडग्याला टेकले. गुडघा पँटमधूनसुद्धा सुजलेला दिसत होता.

"ग्वेन," रोवीना म्हणाली, "सरांचा गुडघा गेलाय. ज्याला चाल राखता येत नाही त्याला गाडीत घ्यायचं, असं पत्रकात लिहिलंय. नियम अकरा."

"काही गेलेला नाही," सर म्हणाले. "दोनच मैल उरलेत. मी चालतो."

ग्वेनने गुडघा बघितला, घड्याळ बघितलं. "डेस्मंड, या पायाने तुम्हाला दोन तास लागतील. हॉल सातला बंद."

"मी दमलो नाहीये. मी चालतो म्हणतोय ना."

हुबेहूब तेच शब्द. रोवीनाने पुढे होऊन गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "गाडीत बस. सगळ्यांना घरी जायचंय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे, आणि या खेपेला बराच वेळ. ग्वेनने त्यांना काखेत हात घालून आत बसवलं, आणि रोवीनाने दार लावून घेतलं.

चौकीवरची एक बाई तिच्या सोबतीला निघाली. तिची बिचारीची धावपळ झाली, कारण उरलेले दोन मैल रोवीनाने तेहतीस मिनिटांत कापले, वाटेतल्या तीनही फाटकांना दोन्ही हात लावून. पुलावर अर्थातच कुणी थर्मास घेऊन उभं नव्हतं. तरी तिने तिकडे एकदा पाहिलंच.

हॉलमध्ये मटण भरलेल्या पेस्ट्रीचा आणि मटारचा वास भरला होता. सर पाय स्टुलावर टाकून बसले होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "मी सोडली नाही हो. दोनच मैल होते. मला बसवलं." लोक पाठीवर थोपटत होते. "असू दे, डेस्मंड. वय झालं की व्हायचंच." कुणी खरं मानत नव्हतं.

यादी डोरीन अल्डरसनकडे होती. सत्तरीची बाई, तीस वर्षं तीच यादी धरून बसते. सरांच्या नावापुढे तिने तांबड्या शाईने 'सोडली' लिहिलं होतं. तिने रोवीनाला विचारलं, "शेवटपर्यंत तू होतीस ना गं बरोबर? याने सोडली का?"

रोवीनाच्या एका शब्दाने काम भागलं असतं. नुसतं हो म्हटलं असतं तर गाव हसलं असतं, पीकॉक सरांनी हात टेकले म्हणून. पण 'सोडली' हा शब्द कसा लागतो हे तिला माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच जरा जास्त मोठा निघाला. "त्यांनी सोडली नाही. ते चालतो म्हणत होते. मी त्यांना गाडीत बसवलं. मी अकरा वर्षांची होते तेव्हा त्यांनी मला त्याच फाटकापाशी असंच बसवलं, आणि शाळेत उभं करून सांगितलं की मी हरले. मी हरले नव्हते. माझा बाप ते खरं मानून मेला."

हॉलमधले चमचे थांबले. रोवीनाने खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं शाळेचं जुनं कार्ड काढलं. सहा चौकोनांत सह्या होत्या, सातवा रिकामा. तिने ते सरांच्या मांडीवर ठेवलं, वर पेन ठेवलं.

"मला तू आठवतही नव्हतीस," सर हळूच म्हणाले.

"माहीत आहे. लिहा."

"काय लिहू?"

"झालं ते."

सरांनी पेन उचललं. त्यांनी सातव्या चौकोनात लिहिलं : 'ही चालत होती. मी बसवली. डी. पीकॉक.' अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच होतं. रोवीनाने शाई वाळेपर्यंत कार्ड धरलं आणि पाकिटात घातलं.

डोरीनने चष्मा पुसला. "मग ते तांबडं खोडू का गं? त्याने सोडली नाही म्हणतेस तर बिल्ला देता येईल. तू म्हणशील तसं."

सर्वांनी रोवीनाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं, आणि त्या बघण्यात आशा होती. अगदी उघडी. तिने मखमलीच्या डबीकडे नजर टाकली.

"गाडीत बसला त्याची फेरी धरायची नाही," ती म्हणाली. "नियम सरांचाच आहे. राहू दे."

मग ती जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि आपली पाळी आल्यावर मटारावर पुदिन्याची आंबट चटणी जरा जास्त मागून घेतली.