सरळबाबांनी वाढवलेला पाय

त्या रविवारी टायरच्या गोदामात टायर कमी आणि माणसं जास्त होती. ज्यांना जमिनीवर जागा मिळाली नाही ते टायरांच्या चळतींवर चढून बसले होते. एक जाडजूड गृहस्थ तर एका मोठ्या टायरच्या आतच बसले होते, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना बाहेर कसं काढायचं याची चर्चा शेजारी आधीपासूनच चालू होती. समोर फळ्यांचा मंच, मंचावर एक लाकडी खुर्ची, मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कुबड्याच कुबड्या, आणि मधोमध सरळबाबा. वाकडं असेल ते सरळ करतात, म्हणून सरळबाबा. बाबांच्या आवाजाला लाउडस्पीकरची गरज नव्हती, पण तोही लावलेला होता.

"डॉक्टर काय करतो?" बाबांनी विचारलं.

"कापतो!" गर्दी ओरडली.

"वकील काय करतो?"

"लटकवतो!"

"आणि बाबा?"

"सरळ करतात!"

"अरे, हाड म्हणजे काय? हाड म्हणजे गोठलेली ऊर्जा! मी हाडाला फक्त आठवण करून देतो, की बाबा रे, मुळात तू केवढा होतास! माझ्या लहरी मज्जेला सांगतात, मज्जा मणक्याला सांगते, मणका मेंदूला सांगतो, आणि मेंदू हाडाला हुकूम सोडतो!"

एवढ्या निरोपानिरोपीत हाडाला वाढायला वेळ कधी मिळतो, हे मात्र कोणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत दोन कुबड्या मांडीवर घेऊन पेंटर बसला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून अक्षर सरळ रेषेत ठेवण्यात त्याचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मग एके दिवशी फर्निचरच्या एका टेम्पोने चुकीच्या बाजूने वळण घेतलं आणि पेंटरला मोटरसायकलसकट उडवलं. रस्ताभर पिवळा रंग झाला आणि पेंटरच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण एकावर एक चढून जुळलं, त्यामुळे पाय चांगला दोन बोटं आखूड झाला. पुन्हा ऑपरेशन केलं तर तू शिडी चढशील, असं सर्जन म्हणाले होते. पण ऑपरेशनचा खर्च भरपाई मिळाली तरच झेपणार होता, आणि भरपाईसाठी टेम्पोच्या विमा कंपनीविरुद्ध लावलेला दावा तारखेमागून तारखा घेत होता.

"अहो, बघू तर जाऊन," बायको म्हणाली होती. "नाहीतरी घरी बसून तुम्ही माझं डोकंच खाता."

बाबांचं बोट नेमकं पेंटरवर थांबलं. दोन शिष्यांनी त्याला उचलून खुर्चीत बसवलं आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत पांढरी चादर पसरली. लहरी इकडेतिकडे सांडू नयेत म्हणून, असं त्यांनी माइकवर सांगितलं. बाबा गुडघे टेकून बसले, पेंटरच्या दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या आणि पाय समोर सरळ उचलले. डावी टाच उजवीच्या केवढी तरी मागे होती! गर्दीतून हळहळ उठली. बाबांनी डोळे मिटले.

"चल बाळा, चल. लाजू नकोस. चल!"

आणि डावी टाच निघाली की हो! हळूहळू पुढे सरकत सरकत ती उजवीला येऊन भिडली. पेंटरने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. टायरातले गृहस्थ आनंदाने उठायला गेले ते टायर घेऊनच उठले. शिष्यांनी पेंटरला दोन्ही बखोटींना धरून मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. त्याचे पाय फळ्यांना लागत होते की नाही, हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं.

"दुखतंय का?" बाबांनी त्याच्या तोंडाशी माइक धरला.

"नाही!"

"मग सांग जगाला, काय झालं ते!"

"मी पूर्ण बरा झालो!" पेंटर ओरडला. "मला काही, काही म्हणजे काही झालेलं नाही!"

तो हसत होता, रडत होता, नाचतही होता, आणि खाली बायको अनोळखी बाईच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. कितीतरी महिन्यांत तो इतका खूश झाला नव्हता. त्याच्या कुबड्या शिष्यांनी भिंतीवर टांगल्या.

सोमवारी सकाळी गुडघा आणि खुबा असे सुजले, की पेंटरला पलंगावरून उतरवेना. बायकोने शिष्यांना फोन करून कुबड्या परत मागितल्या. "वाहिलेली वस्तू परत मागू नये. लहरी उलटतात," तिकडून उत्तर आलं. शेवटी एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला भिंती धरत पेंटर कुबड्यांच्या दुकानात पोचला. तिथे रांग होती. सगळ्यांत पुढे पोस्टमन, ज्याचा गुडघा मागच्या महिन्यात टाळ्यांच्या गजरात बरा झाला होता. त्याच्यामागे बेकरीवाली, जी काल पेंटरच्या आधीच मंचावर फुगडी घालून आली होती. सगळे छताकडे बघत होते.

"मेहुण्यासाठी हवीय," पोस्टमन कुबडीबद्दल म्हणाला.

"केवढा आहे मेहुणा?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्याएवढाच."

"मग काखेत लावून बघा. तुम्हाला बसली की त्यालाही बसेल."

"मलाही मेहुण्यासाठीच," बेकरीवाली घाईघाईने म्हणाली.

"सोमवारी माझ्याकडे फार मेहुणे येतात," दुकानदार म्हणाला आणि आतून आणखी कुबड्या काढायला गेला.

पेंटरलाही मेहुण्यासाठीच हव्या होत्या. खऱ्या मेहुण्याचे दोन्ही पाय ठणठणीत होते आणि तो उत्तम सायकल चालवायचा, ही गोष्ट वेगळी. घरी येईपर्यंत नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत. मग बायकोला एकदम हसू फुटलं, मग पेंटरलाही, आणि दोघं दारातच पोट धरून बसले.

पण ते हसू फार टिकलं नाही. त्यांच्या वकीलबाईंचा फोन आला.

"तुम्ही माइकवर काय बोलून आलात?" त्या म्हणाल्या. "शिष्यांनी इंटरनेटवर टाकलेला त्याचा व्हिडिओ कंपनीच्या वकिलांकडे पोचलाय. ते तो कोर्टात दाखवणार आहेत. नाचताना तर तुम्ही फारच स्पष्ट दिसताय."

दावा गेला की ऑपरेशन गेलं, आणि ऑपरेशन गेलं की शिडी कायमची गेली. स्वतःच्या पायावर आपण स्वतःच माइक धरून धोंडा पाडून घेतला, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

संध्याकाळी आत्या आली. आत्याने सगळी हयात शाळेत भूमिती शिकवली होती. निवृत्तीनंतरही ती भेटेल त्याला फळ्यापाशी उभं करण्याच्या तयारीतच असायची. तिने आल्या आल्या भाच्याला यथेच्छ झापलं, चहा मागितला, आणि मग तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसली.

"दाखवायच्या टाचा," ती पुटपुटली, "मग पांघरूण कमरेवर कशाला रे?"

"लहरी सांडू नयेत म्हणून," पेंटर खालच्या आवाजात म्हणाला.

"लहरी म्हणे! गाढवा, ऊठ. सूनबाई, खुर्चीवर तू बस. आणि मांडीवर चादर घे."

दहा मिनिटांनी आतून बायकोची किंकाळी आली, आणि पाठोपाठ आत्याचं गडगडाटी हसणं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या खोलीत व्हिडिओ लावला गेला. डावी टाच सरकली तेव्हा शिरस्तेदारांनी चष्मा वर केला, आणि पेंटर नाचायला लागला तेव्हा न्यायाधीशांनी तोंडासमोर हात धरला.

"महाराज," कंपनीचे वकील दोन्ही हात पसरून म्हणाले, "आमचा बाबांवर विश्वास असो वा नसो, हा माणूस स्वतः सांगतोय की तो पूर्ण बरा आहे. पाय सारखे झालेले सगळ्यांना दिसतायत. मग भरपाई कशाची?"

पेंटरच्या वकीलबाई उठल्या आणि त्यांनी साक्षीदार म्हणून आत्याला पुढे बोलावलं.

"साहेब, मला एक खुर्ची हवी आणि एक माणूस हवा," आत्या म्हणाली. "आमच्या बाजूचा नको. नाहीतर म्हणाल, ठरवून केलं."

न्यायाधीशांनी खोलीभर नजर फिरवली. "वकीलसाहेब, बसा बरं."

"मी? माझे दोन्ही पाय उत्तम आहेत! मी रोज सकाळी पळायला जातो."

"मग तर फारच छान," आत्या म्हणाली आणि त्यांचाच काळा कोट काढून त्यांच्या मांडीवर पसरला. कटकट आवाज करत तिने गुडघे टेकले, त्यांच्या टाचा हातात घेतल्या आणि पाय वर उचलले.

डावी टाच मागे होती. चांगली दोन बोटं.

शिरस्तेदार जागेवरून उठले. वकिलांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे... हे कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"घाबरू नका. चल बाळा, चल. लाजू नकोस!" आत्याने डोळे मिटले. टाच पुढे आली, उजवीला भिडली, आणि तिथेच न थांबता तिच्याही पुढे गेली. "अगंबाई! जरा जास्तच वाढला की!"

खोलीत एवढा हशा पिकला की न्यायाधीशांना टेबल आपटावं लागलं. टेबल आपटताना तेही हसतच होते.

आत्याने कोट बाजूला केला, पिशवीतून खडू काढला आणि फरशीवर दोन ठिपके काढले. "हे बघा, या दोन खुंट्या, म्हणजे आपल्या कमरेचे दोन खुबे. प्रत्येक खुंटीला सारख्याच लांबीची दोरी. दोन्ही टोकं मधोमध ठेवली तर बरोबरीने येतात. आता दोन्ही टोकं मिळून उजवीकडे न्या. डावीकडच्या दोरीला तिरकं जावं लागतं, तिची लांबी तिरकं जाण्यातच खर्च होते आणि टोक मागे राहतं. डावीकडे न्या, की उजवीचं टोक मागे. बास, एवढाच चमत्कार! आमच्या भाच्याचा डावा पाय खराच आखूड आहे. बाबांनी आधी टाचा उजवीकडे धरून तो आणखी आखूड दाखवला, मग बोलता बोलता डावीकडे नेऊन सारखा करून दाखवला. सगळे बघतात टाचांकडे, आणि फरक पडतो कमरेपाशी. म्हणून कमरेवर चादर!"

"हा तुमचा अंदाज झाला," वकील कोट चढवत म्हणाले.

"तुमचाच व्हिडिओ पुन्हा लावा. मंचाच्या दोन फळ्यांमधली ती फट बघा. सुरुवातीला टाचा फटीच्या एका बाजूला आहेत, शेवटी दुसऱ्या बाजूला. पाय लांब झाला असता तर पुढे गेला असता. बाजूला कशाला गेला?"

व्हिडिओ पुन्हा लागला, आणि या वेळी टाचांचा प्रवास सगळ्यांनाच दिसला. वकीलबाईंनी दोन एक्स-रे पुढे केले, एक बाबांच्या आधीचा आणि एक नंतरचा. हाडाने बाबांचं काहीही ऐकलेलं नव्हतं. मंचावर तेव्हा दुखलं का नाही, तेही साक्षीला आलेल्या सर्जननी सांगितलं: माणूस उत्साहात असला की वेदना काही वेळ दबते, मोडल्या बोटाने खेळाडू सामना पूर्ण करतात ते त्यामुळेच, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजतात. शिवाय पेंटरचं वजन शिष्यांच्या हातांवर होतं.

"पण तो स्वतः म्हणाला, मी बरा झालो!" कंपनीचे वकील हट्ट सोडेनात. "मग तो खोटं बोलला का?"

न्यायाधीशांनी पेंटरकडे बघितलं. पेंटर कुबड्यांवर भार देऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"नाही साहेब, खोटं नाही बोललो," तो म्हणाला. "मला खरंच तसं वाटलं. अपघातापासून सगळे मला 'बिचारा' म्हणून बघतात. त्या दिवशी एवढी माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. मला बरं व्हायचं होतं हो. इतकं व्हायचं होतं, की मी झालोच. पण पाय नाही झाला."

आता कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी लिहायला घेतलं.

पुढच्या तारखेला निकाल लागला. दावा मंजूर झाला आणि कंपनीने ऑपरेशनचा खर्चही द्यायचा, असं ठरलं. पेंटर बाहेरच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. बायको त्याचे डोळे पुसत होती, आणि तिचे पुसायला कोणी नव्हतं म्हणून आत्या पुढे झाली. तेवढ्यात कंपनीचे वकील खाकरत जवळ आले.

"बाई, एक खासगी विचारू? माझा डावा पाय... खरंच लहान नाही ना?"

"दोन्ही सारखे आहेत," आत्या म्हणाली. "आणि खासगीत कशाला? अशी गोष्ट चारचौघांत विचारावी."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बेकरीवाली बसली होती. तिच्या अपघाताच्या दाव्याची तारीख पुढच्या आठवड्यात होती, आणि तीही माइकवर तेच बोलून आली होती. ती सरकत सरकत पेंटरजवळ आली.

"पण माझं खरंच कमी झालं होतं हो, त्या दिवशी," ती पुटपुटली. "मग मी मूर्ख का?"

"अहो, मूर्ख कसल्या? मी तर नाचलो!" पेंटर म्हणाला. "दुखणाऱ्याला बरं व्हावंसं वाटणारच, त्यात लाज कसली? लाज त्यांना वाटायला हवी, जे त्या वाटण्यावर धंदा करतात. बरं वाटलं तर हसा, नाचा, काय हवं ते करा. फक्त बरं झालं की नाही, ते टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारू नका. ते डॉक्टरला विचारा. आणि डॉक्टरने सांगितलेलं पटलं नाही, तर त्यालाही विचारा, कशावरून?"

बेकरीवालीने मान डोलावली, आणि सर्जन कुठे बसतात ते त्याच्याकडून नीट समजून घेतलं.