बंद मोटरचे तापमान

मोटर सहा हजार सहाशे व्होल्टची होती आणि तिच्या गुंडाळीत तापमान मोजणारे सहा सेन्सर पुरलेले होते. पूर्ण भारावर पाच सेन्सर एकशे बारा अंश दाखवत; चौथा एकशे एकवीस. कोणताही एक एकशे वीसच्या वर गेला की मोटर आपोआप बंद होई. आठवड्यात तीनदा झाली, तेव्हा कारखान्याच्या व्यवस्थापकांनी निष्कर्ष काढला: गुंडाळीतली चौथ्या सेन्सरजवळची कॉइल खराब आहे, सोमवारी गुंडाळी कापायची.

ती गुंडाळी माझ्या सासऱ्यांनी भरली होती. निवृत्तीपूर्वीची त्यांची शेवटची. सेन्सरही त्यांनीच दोन कॉइलींच्या मध्ये बसवले होते. तिथून शंभर मीटरवरच्या कंट्रोल रूमपर्यंत तारा जोडण्याचे काम माझे.

रविवारी दुपारी बायकोला घेऊन मी त्यांना सांगायला गेलो. ते जेवणाच्या टेबलावर पंखा उघडून बसले होते.

"तुमची कॉइल तापतेय, बाबा."

"कोण म्हणतं?"

"सेन्सर. आकडे आहेत."

"आकडे काय, वजनाच्या काट्यावरही असतात."

"त्यावर तरी तुम्ही कुठे विश्वास ठेवता?" आतून बायकोचा आवाज आला.

मी हसलो नाही. अनुभवी माणसाचा स्वाभिमान हा पुरावा नव्हे, असे माझे मत होते. ते अजूनही आहे.

सासऱ्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "अर्ध्या भारावर बाकीच्यांपेक्षा फरक किती होता?"

"नऊ अंश."

"आणि पूर्ण भारावर?"

"नऊच."

"भार दुप्पट आणि फरक तेवढाच? बरं, मोटर बंद असताना?"

बंद मोटरचे तापमान कोणी पाहिले नव्हते, मीही नाही.

"बघून या, जावईबापू. मग खुशाल कापा. मला मात्र बोलावू नका, माझ्याच्यानं बघवणार नाही."

मोटर शुक्रवारपासून बंद होती. कंट्रोल रूममध्ये पाच सेन्सर सव्वीस दाखवत होते, चौथा पस्तीस. दोन दिवस वीज न मिळालेली कॉइल शेजारणींपेक्षा नऊ अंशांनी गरम असू शकत नाही. मी तळहातावर हिशेब मांडला. सेन्सर तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो. नऊ अंशांना साधारण साडेतीन ओहम. जाऊन-येऊन दोनशे मीटर तारेचा रोधही तेवढाच.

प्रत्येक सेन्सरला तीन तारा असतात. तिसरीमुळे उपकरणाला तारांचा स्वतःचा रोध कळतो आणि ते तो वजा करते. मी पॅनल उघडले. चौथ्याच्या दोन टर्मिनलांमध्ये बोटभर तारेचा पूल होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: 'तात्पुरते'.

म्हणजे तारांचा रोध वजाच होत नव्हता. मग आठवले. जोडणीच्या वेळी तिसरी तार केबलमध्ये तुटलेली निघाली होती. नवी ओढायला अर्धा दिवस गेला असता. पूल टाकताच उपकरणाची कुरकुर थांबली आणि मी तपासणीच्या कागदावर 'ठीक' लिहून मोकळा झालो.

मोटरची वीज खंडित असल्याची खात्री केली, स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली आणि शेजारच्या केबलमधली एक रिकामी तार मोटरपासून पॅनलपर्यंत जोडून घेतली. पूल काढला. चौथा सेन्सर सव्वीसवर आला.

अहवालात 'सेन्सरची दुरुस्ती केली' एवढे लिहिले असते तरी चालले असते. कोणी विचारले नसते. मी तसे लिहिलेही, मग खोडले.

संध्याकाळी परतलो तेव्हा पंखा जोडून झाला होता.

"किती?"

"सव्वीस. सगळे. कॉइलला कोणी हात लावणार नाही."

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "कारण काय लिहिलंत?"

"जोडणीतली माझी चूक."

"हं." त्यांनी पंख्याची पिन माझ्या हातात दिली. "लावा. घाबरू नका, याच्या तारा मी जोडल्यात."

पिन लावण्याआधी मी तारा तपासायला मीटर मागितला. तो त्यांनी आधीच काढून ठेवला होता.